जनावर कोणी धरले होते?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लेखरूप)



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण मिळाले तेव्हा मी संतसाहित्यावर, निदान मराठी कादंबरीवर बोलेन, अशी कार्यवाहांची अपेक्षा असणार. मराठीच्या अध्यापकाकडून दुसरी कोणती अपेक्षा करावी? मी विषय कळवला, ‘पशुचिकित्सालयाची लेखी कार्यपद्धती’. दुसऱ्या दिवशी त्यांचा दूरध्वनी आला. “सर, चिठ्ठीत काही घोटाळा झालेला दिसतो.” घोटाळा नव्हता. गेले वर्षभर ज्या मराठी लेखनाने मला सर्वांत अधिक शिकवले, ते लेखन बेळगावातील एका जनावरांच्या दवाखान्यासाठी केलेली अकरा पाने आहे. त्या पानांविषयी बोलावे, असे मनापासून वाटले. वैद्यकाचा माझा अधिकार शून्य आहे. जे सांगणार आहे त्यातील शास्त्र डॉक्टरांचे, अनुभव मदतनिसांचा आणि चुका माझ्या आहेत, हे आरंभीच सांगून टाकतो.

हे डॉक्टर प्री-युनिव्हर्सिटीच्या वर्गात माझ्याकडे मराठी शिकले. त्यांचे नाव मी घेणार नाही. तशी त्यांची अटच आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्यांच्या दवाखान्यात पश्चिम भागातील एका खेड्यातून टेम्पोत घालून एक म्हैस आणली गेली. वैरण खात नव्हती, पाणी गिळत नव्हती, तोंडातून लाळेची धार लागली होती. रताळी काढण्याचे दिवस. घशात रताळे अडकले असावे, असे मालकाला वाटले आणि डॉक्टरांनाही ते पटण्यासारखे होते. डॉक्टरांनी तोंडात हात घालून पाहिले, काही सापडले नाही. दवाखान्यातील ज्येष्ठ मदतनीस, ज्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात, त्यांनी जीभ धरली होती. मालक आणि त्याचा मुलगा दोर धरून होते. म्हैस आवरेना, तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या एका तरुणाने पुढे होऊन तिचे डोके दाबून धरले आणि आपणही एकदा घशात हात घालून पाहिला. तो स्वतःच्या शेळीचे औषध न्यायला आला होता. हातमोजे कोणीही घातले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती म्हैस घोगऱ्या आवाजात सारखी हंबरू लागली आणि भिंतीवर धडका घेऊ लागली. तिसऱ्या दिवशी मेली. दोन महिन्यांपूर्वी वस्तीवर एक पिसाळलेले कुत्रे येऊन गेले होते, ही गोष्ट मालकाला तेव्हा आठवली. मित्रहो, रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. मात्र लक्षणे दिसण्यापूर्वी लस घेतली, तर तो जवळजवळ निश्चित वाचतो. सगळा प्रश्न मधल्या दिवसांचा असतो. जनावराची लाळ हातावरच्या ओरखड्याला लागली तरी तो चाव्याइतकाच गंभीर संपर्क मानला जातो. मेंदूचा नमुना तपासणीला गेला. अहवालाची वाट पाहत बसण्याची सोय नव्हती, म्हणून ज्यांचे ज्यांचे हात त्या तोंडात गेले होते त्या सर्वांना त्याच दिवशी गाठणे आवश्यक होते.

डॉक्टरांनी नोंदवही उघडली. तीत तारीख होती, ‘म्हैस – लाळ’ असे दोन शब्द होते, गावाचे नाव, मालकाचे आडनाव आणि घेतलेली फी. त्या गावात निम्म्या घरांचे आडनाव एकच. मालक टेम्पोवाल्यामुळे सापडला. शेळीवाल्या तरुणाविषयी मात्र वहीत एक अक्षर नव्हते, कारण जंताचे औषध देण्याची नोंद करण्याची त्या दवाखान्यात पद्धत नव्हती. त्या शेळीचे एक शिंग मोडके होते, एवढेच मामांना आठवत होते. त्या मोडक्या शिंगाच्या आधारावर दोन माणसे मोटारसायकलवरून चार गावे फिरली. तरुण चौथ्या दिवशी सापडला. त्याच्या बोटावर विळ्याची ताजी जखम होती.

पुढे नमुन्याचा अहवाल रेबीजचाच आला. डॉक्टरांनी आगाऊ लस घेतलेली असल्याने त्यांना शून्य आणि तिसऱ्या दिवशी अशी दोनच इंजेक्शने पुरली. इतर चौघांना शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस या दिवसांची पूर्ण लस घ्यावी लागली. ओरखडे आणि जखमा असलेल्यांना त्याबरोबर प्रतिपिंडांचे इंजेक्शनही. आज पाचही जण सुखरूप आहेत. त्या चौथ्या दिवसाच्या रात्री डॉक्टर माझ्या घरी आले आणि म्हणाले, “सर, इंग्रजीतल्या कार्यपद्धतीचे नमुने माझ्याकडे आहेत. मामांना त्यांचा काय उपयोग? मराठीत लिहून द्या.” दोन संध्याकाळींचे काम आहे, असे समजून मी होकार दिला. त्याला पाच महिने लागले.

पहिला मसुदा मी ऐटीत लिहिला. त्यातील तीन वाक्ये आपल्यापुढे ठेवतो. ‘औषधे थंड जागी ठेवण्यात यावीत. दवाखान्यात स्वच्छता राखण्यात यावी. चाव्याच्या प्रसंगी योग्य ती काळजी घेण्यात यावी.’ व्याकरणदृष्ट्या तिन्ही निर्दोष आहेत. अशी वाक्ये आपण सर्वांनी सरकारी परिपत्रकांत वाचली आहेत; मी स्वतः महाविद्यालयाच्या सूचनाफलकासाठी ती शेकड्यांनी लिहिली आहेत. डॉक्टरांनी ती मामांना वाचून दाखवली. मामांनी मान डोलावली आणि विचारले, “हे कुणाला सांगितलंय?”

मी तीस वर्षे कर्मणी प्रयोग शिकवीत आलो. त्याचा हा दोष मला कोणी इतक्या थोडक्यात दाखवला नव्हता. ‘ठेवण्यात यावीत’ या रचनेत कर्ता लागतच नाही. ज्या वाक्यात कर्ता नाही ते काम सर्वांचे असते, म्हणजे कोणाचेही नसते. मी वाक्य बदलले. ‘सकाळी दवाखाना उघडणाऱ्या मदतनिसाने सर्वांत आधी फ्रिजचे तापमान पाहावे आणि वहीत लिहून सही करावी.’ वाक्य लांबले, शोभा गेली, पण त्यात एक माणूस उभा राहिला. त्यानंतर अकराही पानांत आम्ही एक नियम पाळला. प्रत्येक वाक्यात कर्ता असलाच पाहिजे आणि तो ‘दवाखाना’ किंवा ‘व्यवस्थापन’ असता कामा नये.

दुसरा धडा विशेषणांचा. ‘थंड जागी’ म्हणजे किती थंड? लसी दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये ठेवायच्या असतात. त्याहून उष्ण जागी त्यांची शक्ती हळूहळू उतरते, हे सर्वांना माहीत असते. पण रेबीजसारख्या मृत विषाणूंच्या अनेक लसी गोठल्या तर त्याही निकामी होतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ‘जितके थंड तितके चांगले’ म्हणून बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली लस दिसायला तशीच दिसते, टोचताही येते, फक्त संरक्षण देत नाही. म्हणून आता आमच्या पानावर असे आहे: लस मधल्या फळीवर ठेवावी, दाराच्या कप्प्यात नाही, मागच्या भिंतीला टेकवून नाही, बर्फाच्या कप्प्यात तर कधीच नाही. तसेच ‘जखम नीट धुवावी’ यातील ‘नीट’ आम्ही काढला. चावा, ओरखडा किंवा जखमेला लाळ लागल्यास वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावे, घड्याळ लावून धुवावे, आणि मगच डॉक्टरांना फोन करावा. पंधरा मिनिटे किती मोठी असतात, हे नळाखाली हात धरून उभे राहिल्याशिवाय कळत नाही. मी उभा राहून पाहिले. घड्याळ न पाहता माझी ‘पंधरा मिनिटे’ तिसऱ्याच मिनिटाला संपली होती.

तिसरा धडा मामांचाच. फ्रिजचे पान मी त्यांना मोठ्या समाधानाने वाचून दाखवले. ते म्हणाले, “बघा म्हणून लिहिलासा खरं, बारा दाखवलं तर काय करायचं ते लिहिला नाहीसा.” आमच्या बाजूला ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे आपण जाणताच. त्या एका ‘खरं’ने माझे सगळे पान अपुरे ठरवले. पाहायला सांगणारी आणि पाहिल्यावर काय करायचे ते न सांगणारी सूचना अर्धीच असते. मग पुढचा भाग लिहिला. आकडा दोनच्या खाली किंवा आठच्या वर गेलेला दिसला, तर मदतनिसाने ती लस कोणालाही देऊ नये आणि फेकूनही देऊ नये. ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून थंड पेटीत वेगळी ठेवावी आणि डॉक्टरांना कळवावे. वीज गेली असेल तर फ्रिजचे दार उघडू नये. यावरून प्रत्येक पानाला तीन रकाने पडले: काय करायचे, कोणी करायचे, आणि तसे न घडल्यास काय करायचे.

चौथा धडा क्रमाचा. आपल्याकडे सावधगिरीची सूचना वाक्याच्या शेवटी देण्याची सवय आहे. ‘इंजेक्शन भरावे, मात्र तत्पूर्वी कुपीवरील तीव्रता तपासावी.’ वाचणारा ‘मात्र’पर्यंत पोचतो तोवर इंजेक्शन भरून झालेले असते. हा प्रकार किती घातक ठरू शकतो याचे एकच उदाहरण देतो. झायलाझिन नावाचे गुंगीचे औषध घोड्याला जेवढे लागते, त्याच्या साधारण एक दशांशाने गाय-म्हैस गुंगते. शिवाय या औषधाच्या कुप्या निरनिराळ्या तीव्रतेच्या मिळतात. घोड्याचा हिशोब डोक्यात ठेवून म्हशीला औषध भरले तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून आमच्या पानावर पहिली ओळ कुपी वाचण्याची आहे. डॉक्टर औषधाचे नाव, तीव्रता आणि मात्रा मोठ्याने सांगतात. मदतनीस तेच परत म्हणतो. डॉक्टर ‘होय’ म्हणतात. मग सुई कुपीत जाते. आरंभी सर्वांना हे पोरखेळासारखे वाटले. वेदपाठशाळेत संथा देतात ती याहून वेगळी असते का, असे मी विचारले तेव्हा डॉक्टर हसले आणि मामांनी ते मनावर घेतले.

अशाच आणखी काही ओळी आहेत. मांजराला पॅरासिटामॉल कधीही द्यायचे नाही. माणसाची साधी तापाची गोळी त्याचा जीव घेते. कुत्र्याच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनचे औषध मांजराच्या अंगावर घालायचे नाही. मोठ्या कुत्र्याला भूल देण्यापूर्वी काही तास उपाशी ठेवतात, पण सशाला तसे ठेवायचे नाही. त्याला उलटी होतच नाही, आणि उपासाने मात्र त्याचे आतडे मंदावते. आपल्या शेजारच्या मुधोळचे सडपातळ शिकारी कुत्रे आपला अभिमानाचा विषय आहे. त्या वर्गातील कुत्र्यांत थायोपेंटोनसारखी भूल इतरांपेक्षा अधिक वेळ टिकते, म्हणून जात कोणती हे आधी विचारायचे. यातील प्रत्येक गोष्ट डॉक्टरांना पाठ आहे. मग लिहायची कशाला? कारण दुपारी चार वाजता, बाहेर तीन टेम्पो उभे असताना, पाठ असलेलीच गोष्ट निसटते.

हे केवळ माझे मत नाही. १९३५ साली अमेरिकेत बोइंग कंपनीचे एक नवे बॉम्बफेकी विमान चाचणीच्या उड्डाणातच कोसळले. चालवणारा अत्यंत निष्णात होता. उड्डाणापूर्वी सोडायची एक कळ सोडायची राहून गेली होती. त्या अपघातानंतर वैमानिकांसाठी तपासणीची लेखी यादी आली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली माणसांच्या शस्त्रक्रियांसाठी अशीच एक छोटी यादी तयार केली. ते काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले ते डॉ. अतुल गावंडे अमेरिकेत वाढलेले; त्यांचे वडील विदर्भातील. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती यादी वापरून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर आले आणि गंभीर गुंतागुंत शेकडा ११ वरून ७ वर. कोणतेही नवे औषध किंवा यंत्र त्यात नव्हते. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या अंगाला, कापसाचे बोळे मोजले का, असे साधे प्रश्न ठरलेल्या क्षणी मोठ्याने विचारायचे, एवढेच होते. आमच्या डॉक्टरांनी त्यात एक प्रश्न वाढवला आहे: ‘जनावराने शेवटचे केव्हा खाल्ले, आणि हे कोणी सांगितले?’

आता शब्दांविषयी, कारण तो माझा प्रांत. मसुद्यात मी ‘शीतकपाट’ असे लिहिले होते, पुढे दोन ठिकाणी ‘शीतपेटी’ आणि एके ठिकाणी ‘प्रशीतक’. एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ नये, हा निबंधलेखनाचा संस्कार. मामांना वाटले, तीन वेगळी कपाटे आणायची आहेत. आता सगळीकडे ‘फ्रिज’ आहे. एका वस्तूला एकच शब्द, आणि तो शब्द काम करणाऱ्याच्या तोंडचा, हे धोरण ठरल्यावर मला एक नवीच संपत्ती गवसली. परिभाषेच्या शोधात मी कोश चाळीत होतो आणि शब्द समोरच्या बाकावर बसलेले होते. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत, पोटफुगी, माजावर येणे, गाभण, कालवड, रेडकू, वेत, अंग बाहेर येणे. प्रत्येक शब्द नेमका, आणि सांगणाऱ्याला व ऐकणाऱ्याला सारखाच समजणारा. ही परिभाषा कोणत्याही समितीने घडवलेली नाही.

पण बोलीतील शब्दालाही पारखून घ्यावे लागते. आमची पाने दोन स्तंभांत आहेत, डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला कन्नड. दवाखान्यातील एक मदतनीस कन्नडच वाचतो आणि जनावरे दोन्ही भाषांच्या गोठ्यांतून येतात. कन्नड विभागातील माझ्या एका सहकाऱ्यांनी भाषांतराचे काम आनंदाने पत्करले. त्यांनी मला विचारले, “प्राध्यापक, ‘वार पडेपर्यंत थांबावे’ म्हणजे कोणता वार? सोमवार की मंगळवार?” मी हसलो खरा, पण चूक माझी होती. वार म्हणजे व्यालेल्या जनावराची झिल्ली, वार म्हणजे दिवस आणि वार म्हणजे घावही. व्यालेल्या म्हशीजवळ उभ्या असलेल्या माणसाला अर्थ कळतो. कागदाजवळ म्हैस नसते. आता तेथे ‘व्यालेल्या जनावराची वार (झिल्ली)’ असे आहे. त्याच ओळीत पुढे आहे की अडकलेली वार काढताना उघडा हात घालायचा नाही, खांद्यापर्यंतचा मोजा घालायचा. ब्रुसेलोसिस नावाचा सांसर्गिक गर्भपाताचा रोग या वाटेने माणसाला होतो आणि महिनोन् महिने ताप व सांधेदुखी मागे लावतो. त्या रोगाची लस कालवडींना टोचताना स्वतःला सुई लागली तरी तो होऊ शकतो. आपला मजकूर दुसऱ्या भाषेत जाताना जेथे अडखळतो, तेथे बहुधा तो आपल्याच भाषेत धड उतरलेला नसतो, हे मला त्या सहकाऱ्यांमुळे कळले. सीमेवर राहण्याचा हाही एक लाभ मानावा.

ही पाश्चात्त्यांकडून आलेली टूम आहे, असे कोणाला वाटेल. तसे नाही. माणसांबरोबर पशूंच्याही चिकित्सेची व्यवस्था केल्याचे अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात कोरून ठेवले. शालिहोत्राची अश्ववैद्यकाची परंपरा आणि पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद प्रसिद्धच आहेत. पण मला या निमित्ताने पुन्हा पुन्हा आठवले ते शिवछत्रपतींचे चिपळूणच्या छावणीतील लष्करी अधिकाऱ्यांना गेलेले पत्र. राज्याभिषेकाच्या सुमाराचे हे पत्र आपण त्यातील रयतेविषयीच्या कळकळीसाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे. मी ते या वर्षी घोड्यांच्या बाजूने वाचले. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच बेहिशेब उडवली तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे त्यात बजावले आहे. रात्री दिवा जळत ठेवून झोपाल, उंदीर पेटती वात पळवील, गवताला आग लागेल, मग एकही घोडे वाचणार नाही, असेही आहे. पाहा, यात काय काय आहे: काम कोणाचे ते, चूक कशी घडते ते, तिचा परिणाम आणि तिची जबाबदारी. त्यात एकही मोघम विशेषण नाही. उंदराने नेलेली वात ज्याला दिसली, तो लेखक गोठ्यात उभा राहून लिहीत होता. मी माझा पहिला मसुदा अभ्यासिकेत बसून लिहिला होता, हाच फरक.

कार्यपद्धतीला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. ती निदान करू शकत नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे; प्रशिक्षित साहाय्यकांना काही किरकोळ सेवा त्याच्या देखरेखीखाली देता येतात. म्हणून आमच्या पानांवर मदतनिसाने काय करायचे यापेक्षा काय करायचे नाही, हे अधिक ठळक आहे. दुसरी मर्यादा अशी की प्रत्येक जनावर पानात बसत नाही. धापा टाकणाऱ्या, उलटी करणाऱ्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्याचे तोंड पट्टीने बांधले तर ते गुदमरेल, हे ‘कुत्र्याचे तोंड बांधावे’ या माझ्या ओळीत नव्हते. तेही मामांनीच दाखवले. डॉक्टरांना नियम मोडण्याची मुभा आम्ही ठेवली आहे, मात्र का मोडला ते एका ओळीत लिहून सही करायची.

तिसरी मर्यादा काळाची. डायक्लोफिनॅक हे सुजेवरचे औषध एके काळी गुरांना सर्रास टोचले जाई. अशा गुराचे शव खाल्लेली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. आपल्या लहानपणी आकाशात फिरणारी ती गिधाडे कुठे गेली, याचे उत्तर बव्हंशी त्या कुपीत आहे. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ साली केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक यांवरही. म्हणजे २००५ साली कोणी उत्तम मराठीत लिहिलेली कार्यपद्धती आज तशीच पाळली तर अपराध ठरेल. कचऱ्याचेही तसेच. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे शरीराचे अवयव व रक्ताळलेला कापूस पिवळ्या, दूषित प्लॅस्टिक लाल, सुया व पाती पांढऱ्या अभेद्य आणि काच निळ्या डब्यात जाते, आणि अवयव व रक्ताळलेला कापूस प्रक्रियेविना ४८ तासांहून अधिक ठेवता येत नाही. हे नियम जनावरांच्या दवाखान्यालाही लागू आहेत. यासाठी प्रत्येक पानावर तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक आहे. नवे पान लागले की जुने त्याच दिवशी काढून टाकायचे. ग्रंथालयात जुनी आवृत्ती जपून ठेवणे हे पुण्य आहे. दवाखान्याच्या भिंतीवर ते पाप आहे.

या पानांमुळे दवाखाना आदर्श झाला, असा माझा दावा नाही. पहिल्या महिन्यात तापमानाच्या वहीत एका आठवड्याचे सगळे आकडे एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेले सापडले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कारण विचारले, तेव्हा कळले की वही कपाटात कुलपात असे आणि किल्ली उशिरा येई. वही फ्रिजच्या दाराला दोरीने बांधली. आकडे रोज येऊ लागले. जो नियम पाळला जात नाही त्यात माणसाचा दोष शोधण्याआधी नियमाचा शोधावा, हे मी माझ्या वर्गातही लागू करून पाहणार आहे.

शेवटी या वास्तूविषयी एक शब्द. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे ग्रंथालय सुरू केले, त्यांनी पुस्तकांबरोबर दाखलवही सुरू केली. कोणते पुस्तक कधी आले, कोणाच्या हातात गेले, कधी परत आले, हे कोणी ना कोणी रोज लिहीत आले, म्हणून आज शताब्दी साजरी करण्यासाठी येथे काही शिल्लक आहे. त्या नोंदी करणाऱ्यांची नावे कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाहीत. त्यांचे गद्य मी आता निराळ्या आदराने वाचतो.

दवाखान्याची नवी नोंदवही मी परवा पाहून आलो. मालकाचे पूर्ण नाव, गाव, वस्ती, फोन, जनावराची ओळख, शेवटचे खाणे, औषध, मात्रा, दूध किती दिवस विकायचे नाही, असे रकाने आहेत. शेवटचा रकाना मामांनी सुचवला. तो इंग्रजी नमुन्यात नव्हता, माझ्या मसुद्यातही नव्हता. त्याचे शीर्षक आहे, ‘जनावर कोणी धरले होते?’ मी पाने उलटून पाहिली. प्रत्येक ओळीत नावे होती. एका ओळीत, शेळी घेऊन पुन्हा आलेल्या त्या तरुणाचेही नाव होते.